नव्वद टाइल्सचा चौकोन

फेब्रुवारी सरत आला की संभाजीनगरात एका दिवसात दोन हवा असतात. सकाळी पैठण रोडनं चितेगावकडं जाताना रिक्षात कानाला रुमाल गुंडाळावा लागतो, आणि दुपारी तोच रुमाल घाम पुसायला कामी येतो. त्या दिवशीही सकाळी तिथल्या शाळेच्या व्हरांड्यातली फरशी पायाला झोंबत होती. चतुराबाईंनी पिंपातल्या गार पाण्यात कोपरापर्यंत हात घातला, भिजलेल्या टाइल्स एकेक करून वर काढल्या आणि भिंतीच्या कडेला निथळत उभ्या केल्या. टाइल कोरडीच लावली तर ती सिमेंटच्या मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते आणि वर्षभरात भिंत सोडते. म्हणून आधी तिची तहान भागवायची, मग तिला वर चढवायचं.

बाजूला पालथ्या डब्यावर बसून साहेबराव घमेल्यात सिमेंट कालवत होते.

"पातळ झालंय," चतुराबाई न बघताच म्हणाल्या.

"तुझ्या चहापेक्षा घट्टच हाय," साहेबराव म्हणाले, पण मूठभर सिमेंट आणखी टाकलं.

बघणाऱ्याला यात काही वेगळं दिसलं नसतं. नवरा-बायको टाइल्सच्या कामावर आलेत, एवढंच. पण सिमेंट कालवत होता तो नवरा, आणि थापी होती बायकोच्या हातात. गेली काही वर्षं हे असंच चाललं होतं.

चतुराबाईंचं माहेर कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडचं. लग्न होऊन मुकुंदवाडीत आल्या त्या साहेबराव मिस्त्रीच्या हाताखाली घमेली वाहायला. सारं तारुण्य त्यांनी नवऱ्याला टाइल उचलून देण्यात घातलं. टाइल देताना माणसाचं लक्ष टाइल घेणाऱ्या हाताकडं असतं, तेवढ्यावरच त्या काम शिकल्या. मग साहेबरावांचे गुडघे गेले. टाइल्सवाल्याचे गुडघे जातातच, दिवसभर उकिडवं बसून आणखी काय होणार? डॉक्टरनं खाली बसायला मनाई केली, आणि नेमकं त्याच वेळी वस्तीतल्या विहाराच्या कट्ट्याला टाइल्स लावायचं निघालं. वर्गणी काढून टाइल्स आणलेल्या, मजुरी कुणी घेणार नव्हतं. साहेबराव दोन ओळी लावून भिंतीला धरून उभे राहिले, तेव्हा चतुराबाईंनी त्यांच्या हातातली थापी घेतली आणि उरलेला कट्टा पुरा केला. वंदनेला आलेल्या बाया त्या कट्ट्यावरून हात फिरवून बघत होत्या. एकीनं विचारलं, साहेबरावांनी केला का? चतुराबाई उरलेल्या टाइल्स गोळा करत राहिल्या.

तिथून पुढं काम त्यांचं आणि नाव साहेबरावांचं, अशी गाडी चालली. मजुरांच्या अड्ड्यावर कुणी म्हणे, साहेबरावानं बायकोला डोक्यावर बसवलं. घरमालक बोलायचे साहेबरावांशी, चहाचा पहिला कप साहेबरावांना, आणि 'मिस्त्री' म्हणून हाक मारली की वळून बघायचे ते साहेबरावच. ते बिचारे दर वेळी सांगायचे, मिस्त्री ही हाय, मी नाय. लोक हसायचे. त्यांना ती गंमत वाटायची. शिवाय चतुराबाईंच्या वाट्याला यायचे ते संडास, न्हाण्या, फार तर स्वयंपाकाच्या ओट्यामागची पट्टी. दारामागच्या भिंती सगळ्या. साऱ्यांना दिसेल अशी समोरची भिंत त्यांना कुणी दिली नव्हती. ती एकदा मिळावी, आणि ती बघून कुणीतरी आपल्याला मिस्त्री म्हणावं, एवढी एकच हौस त्यांना होती. ती त्यांनी फक्त साहेबरावांना सांगितली होती, आणि साहेबराव ती विसरले नव्हते.

ही भिंत तशी होती. शाळेत शिरलं की समोरच.

शाळेला कुणा देणगीदारानं विज्ञान दिनासाठी मदत केली होती, आणि विज्ञानाच्या मृण्मयी मॅडमनी हट्ट धरला की भिंतीवर मूलद्रव्यांचा तक्ता करायचा, आणि तो टाइल्सचा. फ्लेक्स फाटतो, रंग उडतो, टाइल राहते. प्रत्येक मूलद्रव्याची एक वीतभर टाइल त्यांनी छापून आणवली. वर क्रमांक, मध्ये चिन्ह, खाली मराठी नाव. एकशे अठरा टाइल्स. सोबत एका कागदावर तक्त्याचा नकाशा दिला. टाइल्स कशा लावायच्या हे दाखवायचं ठरलं, पण त्याच दोन दिवसांत मॅडमना तालुक्याला प्रशिक्षणाला जावं लागलं. मुख्याध्यापक सोमनाथ सरांनी नकाशा चतुराबाईंच्या हातात दिला, म्हणजे खरं तर साहेबरावांच्या हातात दिला, आणि सांगितलं, बघा मिस्त्री, परवा पाहुणे येणार आहेत.

टाइल्स खालून वर लावतात. खालची ओळ वरचीला तोलून धरते. चतुराबाईंनी नकाशातल्या तळच्या दोन ओळी आधी घेतल्या. त्या चौदा-चौदाच्या, बाकीच्या तक्त्यापासून जरा सुटून खाली. ही पट्टी असणार, त्यांनी ओळखलं. खाली बॉर्डर असतेच. मग एक फट सोडून मोठ्या ओळी. अठरा टाइल्सची एक, तिच्यावर अठराची दुसरी, तिसरी, चौथी. लावता लावता त्या नावं वाचत. सातवीपर्यंतच शाळा झालेली, पण अक्षर त्यांना आवडायचं. बरीचशी नावं तोंडात न बसणारी होती. मध्येच एखादं ओळखीचं भेटे. लोखंड. जस्त. पारा. एका उभ्या रांगेत तर सोनं लावलं, त्याच्यावर चांदी आली, आणि तिच्यावर तांबं. चतुराबाईंना मजा वाटली.

"ओ, सराफ्याची गल्लीच लागली की," त्या म्हणाल्या.

"उधारी नाय म्हणावं," साहेबराव म्हणाले.

चार ओळी झाल्या तेव्हा अठरा टाइल्स उरल्या होत्या, एक ते अठरा. नकाशात मात्र या अठरांसाठी तीन ओळी काढल्या होत्या, आणि त्याही फुटक्या. सगळ्यात वर एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला एक, मधलं सारं मोकळं. त्याखाली दोन ओळी, डाव्या हाताला दोन-दोन, उजव्या हाताला सहा-सहा, मध्ये पुन्हा भगदाड. चतुराबाई त्या भगदाडाकडं बराच वेळ बघत राहिल्या. आणि मग त्यांना आठवलं. हा तक्ता आधी प्रयोगशाळेतल्या भिंतीवर व्हायचा होता. तिथं वरच्या अंगाला मधोमध खिडकी आहे. भिंतीला ओल निघाली म्हणून काम इकडं व्हरांड्यात आलं. म्हणजे हे भगदाड खिडकीचं. इकडं खिडकी नाही. मग भोक कशाला ठेवायचं?

उरलेल्या टाइल्स अठरा, आणि ओळ अठराची. पट्टी सोडली तर नव्वद टाइल्स, अठराच्या पाच ओळी, चारी कोपरे भरलेले, एकही टाइल कापायची नाही. ज्यानं आयुष्य टाइल्समध्ये घातलंय त्यालाच कळेल की याचा अर्थ काय. भिंत कधीच टाइलच्या मापाची नसते. कुठं ना कुठं कापावं लागतंच, आणि तो कापलेला तुकडा दाराआड लपवावा लागतो. बिनकापाची भिंत मिळाली तर मिस्त्री ती गोष्ट पुढं कितीतरी दिवस सांगत असतो. साहेबराव उठून भिंतीजवळ आले, स्वतः टाइल्स मोजल्या आणि म्हणाले, चतुरा, नशीबवान हायस.

त्या सकाळी ती पाचवी ओळ चढली. हायड्रोजन, हेलियम, लिथियम, डावीकडून उजवीकडं, क्रमानं, शेवटी अर्गॉन. जेवणाच्या सुट्टीआधी चतुराबाई मागं सरून उभ्या राहिल्या. चौकोन कोरून काढल्यासारखा दिसत होता. सोमनाथ सर आले, खूश झाले. वर एवढी जागा उरली, तिथं देणगीदारांचं नाव छान बसेल, म्हणाले. "वा मिस्त्री," असं म्हणून त्यांनी साहेबरावांच्या खांद्यावर थाप मारली आणि निघून गेले. साहेबरावांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. चतुराबाई थापी धुवायला वळल्या होत्या.

मृण्मयी मॅडम दुपारी आल्या. पर्स खांद्यालाच होती. भिंतीसमोर थांबल्या, हसल्या, आणि मग त्यांचं हसू हळूहळू गेलं. चतुराबाईंनी आयुष्यात अनेक घरमालक पाहिले होते, माणसाचं हसू भिंतीसमोर विरलं की काय समजायचं ते त्यांना कळत होतं.

"काय चुकलं, मॅडम?"

मॅडमनी विचारलं, नकाशा कुठाय? चतुराबाईंनी कमरेचा कागद काढून दिला, आणि खिडकीची हकिगत सांगितली. मॅडमनी कपाळाला हात लावला. मी सांगायला हवं होतं, त्या म्हणाल्या, ती मोकळी जागा खिडकीची नाही, ती तक्त्याचीच आहे. चतुराबाईंना ते पटलं नाही. नंबर बघा म्हणाल्या, एक ते एकशे अठरा, एकही इकडचा तिकडं नाय. ते खरं होतं. मॅडमनीही मान्य केलं.

"नंबरनं हा तक्ता आडवा वाचता येतो, चतुराताई. पण तो उभासुद्धा वाचायचा असतो."

आणि मग त्या प्रयोगशाळेत जाऊन एक बाटली, चिमटा, चाकू आणि काचेच्या भांड्यात पाणी घेऊन आल्या. बाटलीत रॉकेल होतं, आणि रॉकेलच्या तळाशी मळकट खडे. एक खडा काढून त्यांनी चाकूनं कापला. कापला म्हणजे लोण्यासारखा. आतून तो चांदीसारखा चमकला, आणि बघता बघता त्याच्यावर मळभ आलं. सोडियम, त्या म्हणाल्या. ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा त्यांनी सगळ्यांना मागं सारून पाण्यात टाकला. तो चुरचुरत, वाफारत पाण्यावर इकडून तिकडं पळत सुटला आणि पळता पळता संपला. साहेबराव घमेलं घेऊन दोन पावलं मागं सरकले होते.

"हे उघड्यावर ठेवता येत नाही, पाण्याशी याचं जमत नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि आता बघा, तुम्ही याला कुणाच्या डोक्यावर बसवलंय."

चतुराबाईंनी पाहिलं. अकरावी टाइल, सोडियम. तिच्याखाली तांबं, चांदी, सोनं. आईच्या गळ्यातले मणी, पिढ्यान्‌पिढ्या पेटीत राहिले तरी चकाकणारे. त्यांच्यावर हा, दिवसही उघड्यावर न निघणारा. काल ती रांग लावताना मजा वाटली होती. ती मजा उगीच नव्हती, हे आता ध्यानात आलं. उभ्या रांगेत एका स्वभावाची माणसं होती. आणि तशी ती एकच रांग नसणार.

मॅडम मग कामाच्या लाकडी घोडीवर टेकल्या आणि सांगत राहिल्या. नंबर एकेकानं वाढत जातो, त्याबरोबर अणूमध्ये इलेक्ट्रॉनही एकेक वाढतो. हे इलेक्ट्रॉन मजल्यांवर राहतात म्हणा. सगळ्यात आतल्या मजल्यावर दोघांचीच सोय. तो भरला की नवा मजला, म्हणजे तक्त्यात नवी ओळ. सगळ्यात बाहेरच्या मजल्यावर किती जण आहेत त्यावरून मूलद्रव्याचा स्वभाव ठरतो. लिथियमच्या बाहेर एक, सोडियमच्या बाहेर एक, पोटॅशियमच्या बाहेर एक. तिघंही पाण्यावर चिडतात, आणि खाली जावं तसे जास्त. पोटॅशियम तर पेट घेतो. म्हणून ते एकाखाली एक. नंबर पुढं पुढं जातो, पण स्वभाव फिरून फिरून येतो. तो जिथं परत येतो तिथं ओळ तोडायची आणि त्याला त्याच्या भावाखाली बसवायचं. हाच सगळा तक्ता.

साहेबरावांनी विचारलं, दोघांचीच सोय असलेला मजला कुणी बांधला? बिल्डर कोण? मॅडम हसल्या. चतुराबाई हसल्या नाहीत. त्यांचं डोकं त्या भगदाडात अडकलं होतं.

"मग खाली अठरा अन् वर आठच, असं का?"

खालच्या ओळींत आतल्या मजल्यावरच्या दहा खोल्या उघडतात, मॅडम म्हणाल्या. लोखंड, तांबं, जस्त ही सगळी त्या दहा खोल्यांतली. वरच्या ओळींत त्या खोल्या उघडलेल्याच नसतात. "ती जागा आपण सोडलेली नाही. तिथं कुणी असूच शकत नाही." आणि तळची ती चौदा-चौदाची पट्टी बॉर्डर नव्हेच, ती आणखी आतल्या खोल्यांची; खरी जागा तिची मोठ्या ओळींच्या आत, पण तेवढी रुंद भिंत कुणाकडं असते? म्हणून खाली काढून ठेवतात.

हे मात्र चतुराबाईंना चटकन समजलं. भिंत पुरली नाही की काय करावं लागतं, ते त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

तेवढ्यात सोमनाथ सर आले. मॅडमचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, आणि ऐकून घेतल्यावर म्हणाले, राहू द्या. उद्या पाहुणे येणार, तासभर भाषण होणार, फोटो निघणार. कोण उभं वाचतंय? नंबर तर बरोबर आहेत. मॅडम म्हणाल्या, सर, मुलं वाचतील. दर वर्षीची मुलं हीच भिंत बघून पाठ करतील. सरांनाही ते टोचलं असावं, कारण त्यांनी जरा वेळ नव्वद टाइल्सकडं पाहिलं, आणि मग राग कुठंतरी काढायचा म्हणून साहेबरावांकडं वळून म्हणाले, तुम्ही असताना बाईच्या हातात समोरच्या भिंतीचं काम का दिलंत? दारामागचं काम असतं तर चाललं असतं.

चतुराबाई पाहत होत्या. साहेबराव गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले.

"तिनं नाय लावली, सर. वरची ओळ म्या लावली. ती नको म्हणत होती. चूक माझी हाय."

मॅडमनी चतुराबाईंकडं पाहिलं. साहेबराव त्यांच्याकडं बघत नव्हते. नवऱ्याच्या मानेची ती ठेवण चतुराबाईंना ओळखीची होती. खोटं बोलताना त्यांची मान ताठ व्हायची. आता गप्प राहिलं की झालं. साहेबरावांचं नाव मोठं, एका चुकीनं त्यांना काही होणार नव्हतं. गुडघे गेले, आता नजर चुकली, लोक म्हणतील आणि विसरतील. आणि बाईच्या हातून चुकलं हे मुकुंदवाडीपर्यंत जाणार नव्हतं. म्हटलं तर हे नवऱ्यानं दिलेलं दान होतं, आणि मनापासून दिलेलं.

पण ते घेतलं तर ती ओळ साहेबरावांची होणार होती. आणि ती ओळ त्यांची झाली तर तिच्याखालच्या चारही त्यांच्याच होणार होत्या.

"ते खोटं बोलू राहिलेत," चतुराबाई म्हणाल्या. "ओळ म्या लावली. सगळी भिंतच म्या लावली. चूक मिस्त्रीची असती, सर, अन् मिस्त्री मी हाय."

सरांनी साहेबरावांकडं पाहिलं. साहेबरावांची मान सैल पडली होती. त्यांनी घमेलं उचललं.

"अन् मी बिगारी," ते म्हणाले. "माल कालवू का, मिस्त्री? ऊन चढलं की सिमेंट धरंल."

ते खरंच होतं. सकाळचा गारठा ओसरून उन्हानं व्हरांड्याचा काठ धरला होता. ओळ अजून कच्ची होती, पण फार वेळ राहणार नव्हती. चतुराबाईंनी सरांच्या हो-नाहीची वाट पाहिली नाही. पातळ पातं घेतलं आणि डावीकडून सुरुवात करणार, तोच मॅडम म्हणाल्या, थांबा. त्यांनी नकाशा भिंतीला लावून धरला आणि बोटानं मोजलं. तेरा ते अठरा, शेवटच्या सहा टाइल्स, नेमक्या जिथं हव्यात तिथंच होत्या. अॅल्युमिनियमपासून अर्गॉनपर्यंत प्रत्येकाच्या खाली त्याचाच भाऊबंद. काढायच्या होत्या त्या पहिल्या बाराच.

"म्हंजे अगदीच आंधळेपणानं नाय लावली," साहेबराव म्हणाले.

"योगायोग आहे तो," मॅडम म्हणाल्या.

"असू द्या की, मॅडम," साहेबराव म्हणाले. "तेवढा आमच्याकडं राहू द्या."

पातं सांध्यात घालून, टाइलच्या मागं हळूच सरकवून चतुराबाई एकेक टाइल सोडवत गेल्या. बारामधल्या अकरा साबूत निघाल्या. दहावीनं त्रास दिला. तिच्यामागं माल जास्त पडला होता, आणि पातं टेकताच ती कोपऱ्यातून कोपऱ्यात तडकली. निऑन, मॅडमनी वाचलं. आणि मग जरा थांबून सांगितलं की हा राजवायू. हेलियम, निऑन, अर्गॉन ही उजव्या टोकाची रांग कुणातच मिसळत नाही, यांचे बाहेरचे मजले पुरे भरलेले असतात, यांना कुणाची गरजच पडत नाही.

"कुणाला चिकटत नाय म्हणता," साहेबराव म्हणाले, "अन् भिंतीला कसला चिकटला व्हता."

चतुराबाईंनी तुकडे बाजूला ठेवले. दुसरी टाइल छापून यायला वेळ लागणार होता.

मग खरं अवघड काम आलं. ते हातांचं नव्हतं. जिथं तीन ते बारा नंबरांच्या टाइल्स होत्या तिथला माल खरवडून, तारेच्या ब्रशनं घासून, भिंत पुन्हा कोरी करायची आणि ती तशीच सोडायची. आयुष्यभर त्यांनी फटी बुजवल्या होत्या. बोटाएवढी फट दिसली तरी पांढरं सिमेंट घेऊन धावायची सवय. आणि आता दहा टाइल्सची मोकळी भिंत दोन्हीकडच्या टाइल्सच्या मधोमध सरळ धारेनं राखायची होती. त्या दोनदा मागं सरकल्या, दोनदा पुन्हा पुढं झाल्या. खिडकी नसलेल्या भिंतीला खिडकीएवढी जागा. मॅडम म्हणाल्या, डोळ्याला सवय होईल. चतुराबाई म्हणाल्या, डोळ्याचं नाय, हाताचं अवघड हाय.

त्यांनी ओळंबा काढला. आडव्या ओळीला पाणसळ लावतात, उभ्याला ओळंबा. आतापर्यंत तो त्यांनी फक्त टाइल तिरकी गेली का बघायला धरला होता. आता वरून सोडला आणि दोरीच्या मागची नावं वाचत खाली आल्या. लिथियम, सोडियम, पोटॅशियम. दुसऱ्या रांगेत मॅग्नेशियम, कॅल्शियम. कॅल्शियम म्हणजे चुन्यातला, मॅडमनी सांगितलं, तुमच्या सिमेंटमधलाही. सकाळी त्याच्या डोक्यावर हेलियम बसला होता. चतुराबाईंनी हेलियमची टाइल हातात घेतली. दोन नंबरचा आहे, त्याच्याकडं दोघं आहेत, मग तो दोनवाल्यांच्या रांगेत का नको? मॅडमना हा प्रश्न आवडला. कारण त्याचा मजलाच दोघांचा, त्या म्हणाल्या. बाकीच्यांकडं दोघं म्हणजे घर जवळपास रिकामं, याच्याकडं दोघं म्हणजे घर भरलं. म्हणून तो पार पलीकडच्या टोकाला, भरल्या घरवाल्यांत.

हायड्रोजन सगळ्यात वर, डाव्या टोकाला, एकटा. तो तर वायू, मग सोडियम-पोटॅशियमच्या डोक्यावर कसा? मॅडमनी सरळ सांगितलं की तो तिथंही पुरता बसत नाही. त्याच्याकडं एकच इलेक्ट्रॉन म्हणून तिथं ठेवतात. काही जण त्याला वेगळंही काढतात. त्याच्या जागेवरून अजून बोलणं चालूच असतं.

"असतो एखादा तसा प्रत्येक वस्तीत," चतुराबाई म्हणाल्या, आणि त्याला रबरी हातोडीनं हलकेच बसवलं.

उजव्या टोकाला हेलियम आणि अर्गॉनच्या मधे एक टाइलभर भोक राहिलं. साहेबराव म्हणाले, एखादी साधी पांढरी टाइल बसवून देऊ, उद्यापुरती. मॅडमनी तेव्हा सांगितलं की दीडशे वर्षांपूर्वी रशियातल्या ज्या माणसानं असा तक्ता मांडला, त्यानंही जागा रिकाम्या ठेवल्या होत्या. तेव्हा बरीच मूलद्रव्यं सापडलीच नव्हती. पण उभ्या रांगेचा स्वभाव माहीत असल्यानं, इथं जो येईल तो असा असा असेल, असं त्यानं लिहून ठेवलं. त्यातली काही पुढं सापडली, आणि त्यानं सांगितली होती तशीच निघाली. चतुराबाई ऐकत होत्या. म्हणजे मोकळ्या जागा दोन तऱ्हेच्या झाल्या, त्या म्हणाल्या. एक, जिथं कुणी येणारच नाही. आणि एक, जिथं येणारा ठरलाय, फक्त आला नाही.

"अगदी," मॅडम म्हणाल्या.

"मग पांढरी नको."

ऊन व्हरांड्यातून उतरून मैदानावर गेलं तेव्हा काम संपलं. चौकोन मोडला होता. वरच्या तीन ओळींत दोन्ही टोकांना उंच मनोरे आणि मध्ये खोलगट मोकळी भिंत. सकाळच्या चौकोनाइतकं देखणं ते नव्हतं, हे चतुराबाईंना मान्य होतं. पण आता त्या उभं वाचत होत्या, आणि एकदा उभं वाचता आल्यावर तो चौकोन पुन्हा डोळ्यांना आणता येत नव्हता.

सोमनाथ सर कार्यालयाला कुलूप लावून आले. भिंतीसमोर उभे राहिले. वरच्या जागेत बसणार होतं ते देणगीदारांचं नाव आता कुठं टाकायचं, असं मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, मधल्या मोकळ्या जागेत, छापील तक्त्यांतही तिथं शीर्षक टाकतात. सरांना हायसं वाटलं. मग त्यांची नजर उजवीकडच्या भोकावर गेली. साहेबराव तिथंच, भोकाच्या खाली, फरशीवरचे सिमेंटचे शिंतोडे पुसत होते. सर त्यांच्या शेजारी आले. पण त्यांच्याकडं न बघता वळले.

"मिस्त्री," ते चतुराबाईंना म्हणाले, "ही जागा कधी भरणार?"

साहेबरावांचा फडका क्षणभर थांबला. वर न बघता त्यांनी पुन्हा पुसायला सुरुवात केली.

"छापून आली की बसवीन," चतुराबाई म्हणाल्या. "तवर मुलांना विचारा म्हणावं, इथं कोण येईल ते."

सरांनी मान हलवली, गाडीची किल्ली काढली, आणि जाता जाता विचारलं की मुलींच्या नव्या न्हाणीघराचं माप घ्यायला सोमवारी येता येईल का. चतुराबाई म्हणाल्या, बघते.

कोपऱ्यात ठेवलेला फोन वाजला. शेजारची निशा होती. वस्तीत नळ आले होते, आठवड्यानं, आणि दाब बरा होता. चतुराबाईंनी तिला आपल्या पिंपात पाईप टाकायला सांगितलं, झाकण न्हाणीच्या मागं आहे, आधी हंडे भर, मग पिंप, आणि मोरीतली बादली विसरू नको. बोलता बोलता त्यांनी पदर खोचला, पाय धुतले, आणि रिक्षा बघायला रस्त्यावर निघाल्या.